तेच परत विचारलं तर

“आज माझी ड्युटी कितीला गं?” सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

“तुम्हाला सुटी आहे, आई,” संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता सून म्हणाली.

“हो का? बरं झालं बाई.”

सकाळपासून हे असंच चाललं होतं. सासूबाईंना निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अलीकडे त्या रोज उठून केस विंचरत, खांद्याला पिशवी लावत आणि ड्युटीची वेळ विचारत. रुग्णालयाच्या कापडखोलीत, चादरी-टॉवेल मोजण्यात नि घड्या घालण्यात त्यांनी उभा जन्म काढला होता. पुढे सुनेलाही त्यांनीच तिथे चिकटवलं. आता सुनेच्या कमरेने संप पुकारला होता. डॉक्टरांनी दम भरला, “गठ्ठा उचललात तर परत माझ्याकडे यायचं नाही.”

गठ्ठे न उचलता कापडखोलीत करायचं तरी काय? एकच जागा होती. चादरींची आवकजावक संगणकावर जाणार होती आणि तिथे बसायला माणूस हवा होता. त्यासाठी एक वर्ग पुरा करायचा. वर्गाच्या मॅडमचं म्हणणं असं, की थोडं प्रोग्रॅमिंग जमलं की यंत्राची भीती जाते. बरोबरच्या बायका खो खो हसल्या. “काय गं, चादरींना आता पासवर्ड देणार का?” पण ही चिकाटीची. सगळे स्वाध्याय सुटले आणि घोडं अडलं ते शेवटच्यावर. तो आज संध्याकाळच्या आत गेला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि गणित तरी काय, तर एका यादीत शब्द, दुसरीत प्रश्न. प्रश्नातला प्रत्येक शब्द पहिल्या यादीत किती वेळा आला ते सांगायचं. हात्तिच्या! जन्मभर चादरी मोजलेल्या बाईला हे विचारता? मॅडमनी दिलेलं उदाहरण बरोबर सुटायचं, पण उत्तर पाठवलं की लाल अक्षरांत ‘चूक’. कुठे चुकलं ते सांगेल तर शपथ. तिने यंत्राला गोंजारून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. ते ढिम्म.

शेवटी तिने मॅडमना फोन लावला. “अहो, माझंच उदाहरण किती वेळा चालवाल?” मॅडम म्हणाल्या. “स्वतःची यादी घालून बघा की.”

तिने फोन ठेवला तोच आतून आवाज आला, “आज माझी ड्युटी कितीला गं?”

“सांगितलं ना एकदा!”

शब्द तोंडातून गेले आणि तिचा तिलाच धक्का बसला.  सासूबाई हळूच म्हणाल्या, “मी आधी विचारलं होतं का?”

  ती मान खाली घालून स्वतःची यादी टाइप करू लागली. चादर, टॉवेल, चादर. मग प्रश्न. आधी चादर, मग टॉवेल. मनात मात्र सासूबाईंचाच आवाज घुमत होता. तेच परत विचारलं तर? तिने खाली पुन्हा एकदा लिहिलं, चादर.

उत्तर आलं. दोन, एक, शून्य.

शून्य? चादरी तर समोर होत्या! मग तिला आपणच लिहिलेली ओळ दिसली. मोजून झालेले शब्द यादीतून काढून टाक. ही शिकवण सासूबाईंचीच. “मोजलेलं कापड दुसऱ्या टोपलीत टाकावं, नाहीतर दिवसभर मोजत बसशील.” कापडखोलीत ते सोळा आणे खरं होतं. पण इथे कुणी कापड नेत नव्हतं, नुसतं विचारत होतं.

तिने ती ओळ पुसली, उत्तर पाठवलं. हिरव्या अक्षरांत आलं, ‘बरोबर’.

आनंदाने उडी मारावी एवढी कमर धड नव्हती. ती नुसती बसून राहिली. नवी होती तेव्हा ऑपरेशनच्या चादरीची घडी तिला काही केल्या जमायची नाही. एक टोक धरलं की सगळी चादर उलगडली पाहिजे, अशी ती घडी. दर सकाळी ती विचारायची आणि दर सकाळी सासूबाई चादर झटकून पहिल्यापासून दाखवायच्या. “सांगितलं ना” हे त्यांनी एकदाही ऐकवलं नव्हतं. आपलं नशीब थोर म्हणून असं माणूस मिळालं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

ती आत गेली. सासूबाई पायात चपला घालून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मघाचं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

“आलीस? आज माझी ड्युटी कितीला गं?”

ती कमर सांभाळत त्यांच्या पायाशी बसली. एकेक चप्पल काढून तिने पलंगाखाली ठेवली.

“तुम्हाला सुटी आहे, आई. तुमची ड्युटी मी करतेय. बसून करायची मिळाली मला.”

“हो का? बरं झालं बाई.”

सासूबाईंनी खांद्याची पिशवी उतरवली. उशाचा टॉवेल घेऊन तो झटकला, कडेला कड लावली, तीच जुनी घडी घातली आणि सुनेपुढे धरली. सुनेने ती दोन्ही हातांनी घेतली.