लाडाचा घास

व्हर्नाने मेलेली कोंबडी वर्तमानपत्रावर उताणी टाकली आणि पोटावरून सुरी फिरवली.

"बघ नीट. तोंड फिरवू नकोस."

शेजारीण जोलीन कुंपणापाशी डोळे पुसत उभी होती. दोन वर्षांपूर्वी मिलवॉकी शहर सोडून ती या गावात आली होती. कोंबड्यांचे वाढदिवस करायची. जत्रेत चाळीस वर्षं कोंबड्यांची बक्षिसं घेतलेल्या व्हर्नाला तिला पाहिलं की हसूच यायचं.

पिवळीधमक चरबी बाहेर आली. कलेजी तर बोट लावताच कुस्करली.

"लाडाने मारलीस. दहा घासांतले नऊ खाद्याचे, एक लाडाचा. एवढं जमत नसेल तर मांजर पाळायचं होतंस."

"पण ईस्टरपासून मी मका देत नाही. अळ्यासुद्धा बंद केल्या. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"मग ही काय हवा खाऊन फुगली? खोटं तरी धड बोल!"

व्हर्नाने तावातावाने गळ्याखालची पिशवी चिरली. आत मॅकरोनी होती, आणि गाजराचे बारीक, एकसारखे चौकोन. नवऱ्याला, ऑर्विलला, कवळी टोचते म्हणून असे चौकोन तिने स्वतः आज सकाळी कापले होते.

सुरी थांबली.

"घशाखाली उतरत नाही म्हणाले," जोलीन खाली बघत बोलली. "तुम्ही एवढं रांधता, वाईट वाटेल, सांगू नकोस म्हणाले. तुम्ही दुपारी पडलात की ताटली घेऊन माझ्या कोंबड्यांकडे येतात."

"कधीपासून?"

"बर्फ वितळल्यापासून."

ऑर्विलच्या कमरेच्या पट्ट्याला व्हर्नानेच दोनदा नवं भोक पाडून दिलं होतं. 'घोड्यासारखा खातोस आणि अंगाला काही लागत नाही,' असं वर ऐकवलंही होतं.

ती घरी आली. ऑर्विल टेबलाशी बसला होता. समोर लख्ख पुसलेली ताटली.

"मॅकरोनी मस्त झाली होती," तो म्हणाला.

व्हर्नाने नळाखाली बराच वेळ हात धुतले.

"उद्या काय करू?"

तो विचारात पडला. "मऊ काहीतरी कर."

तिने भिंतीवरचा फोन उचलून दवाखान्याचा नंबर फिरवला, आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.