गाण्याआधीच भरलेला कागद

इंग्रजीचा तास म्हटला की निम्म्या लोकांचं डोकं दुखायला लागतं आणि उरलेल्यांना अचानक काम आठवतं. त्या मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या धुलाई विभागात याहून वेगळं काही नव्हतं. वरच्या मॅनेजरबाईंना इंग्रजीशिवाय भाषा येत नव्हती आणि खालच्या चाळीस माणसांना इंग्रजी सोडून सगळं येत होतं. म्हणून हॉटेलनं आठवड्यातून दोनदा, चार ते पाच, चादरींच्या खोलीत वर्ग सुरू केला. पहिल्या मास्तरांच्या वर्गातून लोक पाणी प्यायला उठत आणि थेट घरी पोहोचत. दुसऱ्या मास्तरांना तर रिकाम्या ट्रॉल्यांनाच काळ शिकवावे लागले.

तिसरे सर आले ते काखेत स्पीकर मारून. त्यांनी लहानपणी शब्दागणिक छडी खाल्ली होती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "माझ्या वर्गात कुणी मार खाणार नाही. आपण गाणी म्हणू, भाषा आपोआप येईल."

आणि आलीही! सर गाजलेलं गाणं निवडत, त्याचे शब्द कागदावर छापत, मधले काही गाळत. गाणं ऐकायचं आणि गाळलेल्या जागा भरायच्या. तीन महिन्यांत वर्ग असा गच्च भरू लागला की उशिरा येणाऱ्यानं मळक्या टॉवेलांच्या ढिगावर बसावं. बॉयलरवाला तर वर्गाचा हिरोच झाला. गळा गोड, केस चापून बसवलेले, गाता गाता सगळ्यांना डोळा मारायचा.

"तुझं नशीब थोर बाई, घरात रेडिओ लागतो," बायका त्याच्या बायकोला म्हणायच्या.

त्याची बायको इस्त्रीवर होती. ती हसायची आणि बाही खाली ओढायची. दंडावर भाजल्याचा त्रिकोणी डाग होता. इस्त्रीवाल्या बाईला चटका बसणारच, त्यात विचारायचं काय? पण स्वतःच्या हातानं इस्त्री करणारीला दंडाच्या मागच्या बाजूला चटका बसेल कसा, हे चाळीस माणसांत एकालाही सुचलं नाही. सरांनाही नाही.

त्या दिवशी सरांनी त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं आणलं. शीळ, टाळ्या, ठेका, पाय थांबायला तयार नाहीत असं. कागद वाटले. पाच जागा गाळलेल्या. सर स्पीकरची वायर शोधत होते तेवढ्यात इस्त्रीवालीनं कागद परत आणून दिला. पाचही जागा भरलेल्या.

सरांनी चष्मा वर केला. "हे गाणं कुठे ऐकलंस?"

"नाही ऐकलं, सर."

"मग पाचही शब्द बरोबर कसे?"

"त्यात काय अवघड आहे?" शर्टांची घडी सांगावी तशा सुरात ती म्हणाली. "बाई दाराकडे गेली की पाय मोडीन म्हणतात. रडली की आणखी एक. मग जवळ घेतात, तू माझीच म्हणतात. शेवटी, मला सोडलंस तर मरशील. दुसरं काय येणार, सर?"

खोलीत कुणीतरी खिदळलं. चार वेळा वाचूनही सरांनी त्या ओळींत क्रियापदंच पाहिली होती. ते कसनुसं हसले आणि त्यांनी बटण दाबलं. तास पुढे न्यायला हवा होता ना!

गाणं सुरू झालं. आणि बॉयलरवाला उठला.

"घरातलं चारचौघांत सांगतेस?" वेणी धरून त्यानं तिला ओढली आणि ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर तिचं डोकं आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या भुवईतून रक्त उडालं ते थेट पांढऱ्या उशांच्या अभ्र्यांवर. ती खाली पडली तशी त्यानं पोटात लाथ घातली. स्पीकरमधून शीळ चालूच होती आणि त्याच्या लाथा, देवा रे, ठेक्यात पडत होत्या! माणसं भिंतीला चिकटली. सर बटणापासून हातभर अंतरावर उभे होते, पण हात उचलेना. त्यांनी खाली पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा पाय सवयीनं ताल धरत होता.

पुढे झाली ती घडीवाली मावशी. साठीला आलेली, पाठीत वाकलेली. पण चाळीस वर्षं ओल्या चादरी पिळलेले हात ते!

"धर गं!" ती शेजारणीवर ओरडली. दोघींनी यंत्रातली ओली डबल चादर उचलली, मागून त्याच्या डोक्यावर टाकली आणि रोज गाठोडं बांधावं तसे दोन उलटे वेढे देऊन आवळली. तो धाडकन आपटला. मावशी त्याच्या छातीवर चक्क बसली.

"सोड म्हातारे! बायको माझी आहे!"

"असेल. हाड मात्र तिचं आहे. हलू नकोस, नाहीतर ड्रायरमध्ये घालीन."

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या हॉटेलच्या पहारेकऱ्यांनी त्याला फरफटत नेलं. गाणं संपून दुसरं लागलं होतं. मावशीनं वायरच उपटली.

"मावशी, मला खरंच कल्पना नव्हती," सर पुटपुटले. "मी फक्त भाषा शिकवत होतो. गाणं तर सगळं जग म्हणतंय."

"जगाला म्हणू दे. तुम्ही वर्ग घेता ना?" मावशी त्या पोरीच्या कपाळावर टॉवेल दाबून धरत म्हणाली. "तीन महिन्यांत या पोरीला मारायचे सगळे शब्द आले. मोडणं, जळणं, मरणं, सगळं पाठ. सुटायचा एक तरी शब्द दिलात? हॉटेलच्या क्वार्टरमधली यांची खोली त्याच्या नावावर. सहाला पाळी सुटली की हिला त्याच दारात जायचंय. बायकांच्या वसतिगृहात जागा मिळते, पण वर मॅनेजरबाईंकडे जाऊन स्वतः मागावी लागते. काय मागेल ही? 'बेबी, यू आर माइन'?"

सरांचे कान तापले. छडीचे वळ विसरायचे म्हणून त्यांनी गाणी धरली, आणि त्या गोड चालीतून दुसऱ्याच्या पाठीवर वळ उमटत होते! त्यांनी फक्त हातातली छडी टाकली होती. मार वर्गातच राहिला होता.

"मी बोलतो मॅनेजरबाईंशी," ते म्हणाले. "आत्ता."

"नको," मार खाल्ल्यापासून इस्त्रीवाली पहिल्यांदाच बोलली. ओठ सुजला होता. "आज तुम्ही बोलाल. उद्या तो येऊन सांगेल, ती तर पडली होती. मलाच बोलायचंय. शिकवा."

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. सूर नाही, टाळ्या नाहीत. एक वाक्य, मग दुसरं. ती अडखळली तर मावशी म्हणे, "पुन्हा." मग बाकीच्या बायकाही म्हणू लागल्या, हळू, दात आवळून. कुणास ठाऊक, कुणाकुणाला त्या वाक्यांची गरज होती! पुरुषांपैकी काहींनी माना खाली घातल्या. मघाशी खिदळलेला माणूस उठला आणि रक्ताळलेले अभ्रे गोळा करू लागला.

साडेपाचला ती वर गेली. सर मॅनेजरबाईंच्या दारापर्यंत आले.

"तुम्ही बाहेरच थांबा, सर," ती म्हणाली आणि आत गेली.

दार अर्धवट उघडं होतं.

"माय हजबंड हिट मी. एव्हरी डे. आय नो गो होम. आय वॉन्ट रूम. टुडे."

व्याकरणाच्या तीन चुका. सरांनी जन्मात पहिल्यांदा एकही मोजली नाही. आत मॅनेजरबाईंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. सरांनी भिंतीला हात टेकला.

"येस," आतून इस्त्रीवालीचा आवाज आला. "पोलीस. येस. आय टेल."

लोकहो, गाण्यांतून भाषा जरूर शिकवावी, शिकावी. पण ते गाणं कुणावर उगारलं आहे, हे वर्गात नेण्याआधी पाहणं आपलं काम आहे. मारालाच प्रेम म्हणणारी चाल आपण मिटक्या मारत गुणगुणतो, तेव्हा मारणाऱ्याला साथ देतो, आपल्या ध्यानीमनी नसलं तरी. आणि कोणतीही भाषा शिकवा, आधी 'नाही' शिकवा, 'वाचवा' शिकवा, 'मी जाणार' शिकवा. बाकीचं व्याकरण सावकाश येईल.

सहाला पाळी सुटली. इस्त्रीवाली बाहेर पडली आणि क्वार्टरच्या रस्त्याला न लागता उजवीकडे, बायकांच्या वसतिगृहाकडे वळली.