सरिताताईच्या नावाची आंघोळ

"डॉक्टर, जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ केली, तर त्यानं दुसऱ्याच कोणाचं हार्ट बिघडू शकते का?"

नंदिनीनं विचारून टाकलं. एका दमात, न अडखळता, स्टेजवर पाहुण्यांचं स्वागत करावं तशा खणखणीत आवाजात. सदर भागातल्या त्या दवाखान्याच्या खोलीत एसी घुमत होता. डॉक्टरबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. आईनं पदराचं टोक मुठीत धरलं. आणि बाबा, म्हणजे इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचे मालक गोपाळराव, फाईल मांडीवर घेऊन बसले होते, त्यांची मान हळूहळू लेकीकडे वळली.

"चूप बस वं!" बाबा दबक्या आवाजात ओरडले. मग चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू आणत डॉक्टरबाईंना म्हणाले, "मॅडम, लक्ष नका देऊ. शाळेत नाटकं करते ना, तेच डोक्यात बसलं आहे."

नाटकं नव्हे, सूत्रसंचालन. पण ते आता कोण सांगणार! सहा महिन्यांपूर्वी हजेरीला "यस मॅडम" म्हणतानाही नंदिनीचा आवाज घशातच राहायचा. मग गॅदरिंगच्या दिवशी ऐनवेळी एका मुलीचा घसा बसला, बाईंनी दिसेल त्या पोरीच्या हातात माईक कोंबला, आणि ती पोरगी नंदिनी निघाली. त्या दिवसापासून हिचं तोंड जे उघडलं ते उघडलंच. वर्गात हात वर, ऑटोवाल्याशी हुज्जत, मुख्याध्यापकांना प्रश्न. तिचं तिलाच नवल वाटायचं आणि मजाही यायची.

म्हणूनच आज मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर मेघानं तिला डिवचलं होतं.

"स्टेजवर लय बोलते वं तू. आज आईसंग दवाखान्यात चालली ना? तिथं विचार ते आंघोळीचं, बाबांच्या समोर."

"विचारीन ना. काहून नाही विचारणार?"

"नाही विचारणार ही," हर्षा डबा चाटूनपुसून खात म्हणाली. "बाबांच्या समोर हिची मांजर होते. लाव शर्त."

शर्त लागली. पण खरं सांगायचं तर, मैत्रिणींनी डिवचलं नसतं तरी तो प्रश्न आत कधीचा धडका मारत होता.

आंघोळीची गोष्ट अशी. घरातलं कोणी गेलं की बातमी कळताच नातलगांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. पण नंदिनीच्या घरी ती जिवंत माणसासाठी झाली. मोठ्या बहिणीनं, सरितानं, कोर्टात लग्न केलं, तेही शहरातल्याच इंदोरा वस्तीतल्या अंकुशशी. बौद्ध घरातला मुलगा, बँकेत नोकरीला, बोलायला मऊ. बाबांनी त्याचं काहीएक ऐकून घेतलं नाही. दुकानातून भरदुपारी घरी आले, चपला दारात भिरकावल्या आणि आईला एवढंच म्हणाले, "पाणी ठेव."

आईनं गॅसवर पाणी ठेवलं. कशासाठी ते तिला कळलं होतं, तरी ठेवलं. बाबांनी डोक्यावरून तांब्या ओतला, तसेच ओलेते बाहेर आले आणि म्हणाले, "सरिता मेली. आता तुमी घ्या." मग आई गेली. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला, फार वेळ येत राहिला. शेवटी नंदिनी गेली आणि ओले केस घेऊन बाहेर आली. त्या दिवसापासून घरात ताईचं नाव कोणी काढलं नाही. तिचा भिंतीवरचा फोटो गेला. तिची ताटवाटी बाबांनी दुकानातल्या मोडीत टाकली.

आईनं तक्रार केली नाही. तशी ती कधीच करायची नाही. फक्त तिची जेवणाची गोडी गेली. सकाळी वेणी घालताना कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, तो ती बोटाला गुंडाळत बसायची. आणि दिवसातून कितीदा तरी टॉवेल घेऊन दंड पुसायची, मान पुसायची. उन्हाळा आहे म्हणून घाम येत असेल, असं नंदिनीला वाटायचं. मग थंडी आली. आईचं पुसणं सुरूच.

आणि मागच्या महिन्यातली ती इतवारीतली दुपार. बाबांचा डबा घेऊन मायलेकी गल्लीतून निघाल्या होत्या. हातगाड्या, टेम्पो, हमालांची हाकाटी, त्यात समोरून सरिताताई आली. पोट पुढे आलेलं, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. तिनं आईला पाहिलं.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

आईचे पाय थांबले. ओठ हलले. पण पलीकडे दुकानाच्या गादीवर बाबा बसलेले, चष्म्यावरून बघत असलेले. आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि लेकीच्या बाजूनं, तिच्या पिशवीला घासून, निघून गेली. नंदिनीनं मागे वळून पाहिलं, तर ताई तिथेच उभी होती आणि टेम्पोवाला "बाजू सरका ना बाई!" म्हणून हॉर्न वाजवत होता.

"बोलली काहून नाही तू?" नंदिनीनं विचारलं होतं.

"मेलेल्या माणसासंग बोलतात का वं?" आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता.

घरी पोचेपर्यंत तिच्या छातीत कळ आली. पायरीवर बसली ती उठलीच नाही.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या एकदम साफ निघाल्या, कुठे काही अडकलेलं नाही. तरी हृदयाचा खालचा भाग फुगून बसला होता आणि आकसायला तयार नव्हता. तेव्हा डॉक्टरबाईंनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरात काही मोठं घडलं का? कोणी वारलं का एवढ्यात?" आणि बाबा म्हणाले होते, "नाही जी. कोणीच नाही. सुखाचं घर आहे आमचं." नंदिनी तेव्हा शेजारीच उभी होती. तोंड उघडलं होतं तिनं, पण शब्द निघाला नव्हता. माईक हातात असता तर निघाला असता की काय, कोण जाणे.

आज निघाला.

डॉक्टरबाईंनी बाबांकडे पाहिलंच नाही. पेन खाली ठेवलं आणि नंदिनीला विचारलं, "कोणाच्या नावानं केली आंघोळ?"

"माह्या ताईच्या, वर्ष होत आलं. सरिता नाव आहे. इंदोऱ्याले राहते. सातवा सुरू आहे तिले."

"सातवा?" आई म्हणाली.

खोलीत आल्यापासून हा तिचा पहिला शब्द. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी ती खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली. "तुले कसं माहीत?" तिनं हळूच विचारलं.

"फोन करते मी तिले. मेघाच्या मोबाइलवरून."

बाबांनी फाईल टेबलावर आपटली. "झालं? चालू द्या! सगळं घर मांडा इथं! मॅडम, औषध लिहून द्या, आमी निघतो. घरातल्या गोष्टी दवाखान्यात काहून सांगायच्या?"

"कारण मी विचारल्या होत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, घरात कोणी गेलं नाही."

"गेलंच नव्हतं कोणी!"

आणि इथे नंदिनी पुन्हा बोलली. तिला हे ठरवून बोलायचं नव्हतं. शर्त एका प्रश्नाची होती, ती तर जिंकून झाली होती.

"पण बाबा, तुमच्या म्हणण्यानं तर मयत झाली होती ना घरात? आमाले सगळ्याले पाणी घ्यायला लावलं तुमी. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'कोणी गेलं नाही' कसं म्हटलं?"

बाबांनी टेबलावरची फाईल परत मांडीवर ओढली. तिची दुमडलेली कड ते बोटानं सरळ करत राहिले.

"आंघोळीनं काही बिघडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मोठा धक्का बसला की काही बायकांचं हृदय असं फुगून दमतं. यांच्या वयाच्या बायकांचं जास्त. आधीचं बीपी होतंच. झोप नाही, जेवण नाही, वर्षभर मनातलं मनात. एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही मला."

"म्हणजे मी केलं का हे?" बाबांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तसं मी म्हटलं नाही. बहुतेक जणी दोन-तीन आठवड्यांत सावरायला लागतात. या सावरत नाहीयेत. हृदयाचा आजचा इको मागच्यापेक्षा बरा नाही, थोडा वाईटच आहे. मुलगी भेटली की उद्या बरं वाटेल, असं वचन मी देणार नाही. पण परत तसाच धक्का बसला, तर मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

मग त्या आईकडे वळल्या. "कौसल्याताई, तुम्ही सांगा. काय होतं नेमकं?"

आईनं बाबांकडे एकदा बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडे.

"अंगावरचं पाणी वाळत नाही जी," ती म्हणाली. "त्या दिवशी घेतलं ते. पुसते, पुसते, तरी ओलंच लागते."

डॉक्टरबाईंनी त्यावर काही लिहिलं नाही.

ऑटोनं तिघं परत निघाले. लकडगंजच्या वळणावर लाकडांनी भरलेला ट्रक आडवा होता, तेव्हा बाबा बाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर बदलू. ही बाई घर फोडणारी आहे. उद्या दुसरीकडे दाखवू." नंदिनीनं आईचा हात धरला. तो गार होता आणि त्यातली हाडं मोजता येतील इतका बारीक.

घरी आल्यावर बाबा चप्पल काढता काढता सवयीनं म्हणाले, "दवाखान्यातून आलो. पाणी ठेव."

दवाखान्यातून आलं की आंघोळ, ही घरातली पद्धत होती. त्यांच्या मनात दुसरं काही नसेलही. पण आई उठली. पदर खोचून स्वयंपाकघरात गेली, पातेलं नळाखाली धरलं, भरलं आणि गॅसकडे वळली. तिथेच तिचा उजवा हात छातीवर गेला. पातेलं कलंडलं. पाणी फरशीवर पसरलं, आणि आई त्या पाण्यात भिंतीला टेकून खाली बसली.

"काही नाही, काही नाही," ती म्हणत होती. "ठेवते. आता ठेवते."

नंदिनीनं तिच्या जिभेखाली डॉक्टरांनी दिलेली गोळी ठेवली, मांडीवर डोकं घेतलं. बाबा दारात उभे होते. एका पायात चप्पल तशीच. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. त्यांनी दाराची चौकट धरली. कळ हळूहळू ओसरली. आईनं डोळे उघडले आणि ओल्या पदरानं दंड पुसायला लागली.

तो हात नंदिनीनं धरून ठेवला.

"आई, बाबा, दोघंही ऐका," ती म्हणाली. या वेळी आवाज स्टेजवरचा नव्हता. थरथरत होता, पण थांबत नव्हता. "त्या दिवशी मी आंघोळ केलीच नाही. नळ सोडला, केस ओले केले आणि बाहेर आली. माह्यासाठी ताई मेली नव्हती, एक दिवसही नाही. मी आत्ता इंदोऱ्याले चालली आहे. ताईले घेऊन येते, याच घरात, आईजवळ. ती बाळंतपणालेही इथंच राहील. तुमाले चालत नसेल तर, बाबा, माह्याही नावानं डोक्यावरून घ्या. फक्त पाणी तुमचं तुमी ठेवा. आई ठेवणार नाही."