पहिला फोटो खोटा

बाबांच्या स्टुडिओत पहिला फोटो नेहमी खोटा असायचा.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की खांबासारखं ताठ व्हायचं. बाबा लाकडी कॅमेऱ्याशेजारी उभे राहून म्हणायचे, "हं, हसा!" आणि खटका दाबायचे. पण फिल्मपुढची पातळ पडदी त्यांनी ओढलेलीच नसायची. आवाज व्हायचा, फिल्मवर उजेडाचा कणही पडायचा नाही. फोटो झाला असं समजून गिऱ्हाईक श्वास सोडायचं, खांदे उतरायचे, आणि तेवढ्यात बाबा पडदी ओढून खरा फोटो काढायचे.

ही युक्ती फक्त आईवर चालत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला पडदीचं गुपित कळलं होतं. खोट्या खटक्याला ती "काय हो ही नाटकं!" म्हणत खळखळून हसायची, आणि पडदी निघाली की ओठ मिटून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी बघायची. पुढे मोबाइल आले, तर तिनं तोंडावर हात धरायला सुरुवात केली. "फोटोवाल्याची बायको आहे मी. अशी जाता-येता नाही मिळायची."

ती गेल्यावर मुलीनं घरातले सगळे अल्बम पालथे घातले. हसणारी आई एकाही फोटोत नव्हती.

असलीच तर ती फ्रीजमध्ये होती. बर्फाच्या खणाखाली, प्लास्टिकच्या डब्यात, काळ्या कागदात गुंडाळलेली एकच फिल्म. आईच्या आजारपणाआधी बाबांनी काढलेली. तेव्हा त्यांनी तिच्यावर डाव उलटवला होता: ती येऊन बसण्याआधीच पडदी ओढून खिशात टाकली. म्हणजे पहिलाच खटका खरा. ती हसली होती, पोटभर. पण त्यानंतर दवाखाने सुरू झाले, मग ती गेली, आणि फिल्म धुवायचं बाबा आज-उद्या करत राहिले. न धुतलेल्या फिल्मवर ती अजून हसतेय, एवढी खात्री त्यांना पुरत असावी.

आता मात्र उद्या नव्हता. पुढच्या खोलीत संगणकावर पासपोर्ट फोटो काढणाऱ्या दादाला मोठं छपाई यंत्र ठेवायचं होतं. डार्करूमची भिंत पाडायला सकाळी माणसं येणार होती. त्यानं हे बाबांना विचारलं होतं, आणि बाबा "पाड की" एवढंच म्हणाले होते.

म्हणून मुलगी सुट्टी काढून आली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. फिल्मवर चित्र उमटवणारं डेव्हलपर बाजारात मिळेना, तेव्हा तिनं पुड्या मागवून, तोलून, ते स्वतः कालवलं. जुन्या, वाया गेलेल्या फिल्मचा तुकडा त्यात टाकला. तो काळा झाला. दुसरा, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये टाकला. त्याचा दुधी रंग जाऊन तो काचेसारखा झाला.

"पास?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही पास. तरी अजून एकदा करते."

"शास्त्रज्ञबाई, तुमच्या तपासण्या होईपर्यंत भिंत पडेल."

"बाबा, एकच फिल्म आहे. बिघडली तर?"

 बाबांनी बाह्या वर केल्या आणि दिवा घालवला.

अंधार इतका गडद की डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. कागद उलगडल्याचा आवाज आला. फिल्मच्या कोपऱ्यातली खाच बाबा बोटानं चाचपत असणार. खाचेवरून तिची बाजू कळते. मग पाणी हलकेच डुचमळल्याचा आवाज.

"हात थरथरतोय का?" तिनं विचारलं.

"थरथरतोय. इथे ते बरंच आहे. ट्रे हलवायचाच असतो."

ती हसली. अंधारात स्वतःचं हसू ऐकून तिला एकदम दचकल्यासारखं झालं. बाबांचा हातही क्षणभर थांबला असावा, कारण पाण्याचा आवाज थांबला होता.

"तिच्यासारखंच," ते म्हणाले, आणि ट्रे पुन्हा हलू लागला.

फिल्म फिक्सरमध्ये बराच वेळ राहिल्यावर बाबांनी दिवा लावला. फिल्म दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली. मुलीला आधी काळा ढग दिसला. मग कपाळ. मग डोळे, आणि त्यांच्या किंचित खाली पुन्हा डोळे.

"दोन आहेत," ती म्हणाली. "बाबा, एकावर एक दोन चेहरे आहेत."

निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात. एका तोंडात काळ्या दातांची अख्खी ओळ होती. त्यावरूनच दुसऱ्या तोंडाची मिटलेली रेघ गेली होती.

बाबा मोरीच्या कठड्यावर टेकले. "हसून झाल्यावर ती म्हणाली, 'आता काढा तुमचा खरा.' मी म्हटलं, हिला संशय नको, खटका दाबू. त्याआधी पडदी आत घालायला हवी होती. पण जन्मभर दुसऱ्या खटक्याला पडदी बाहेरच. कॅमेऱ्यात ती दिसली नाही, आणि हाताला वाटलं, सगळं बरोबर आहे."

दार वाजलं. दादा होता. त्यानं फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली, मग नाक ओढलं.

"स्कॅन करून देतो. प्रोग्रॅम आहे माझ्याकडे. हसणारी वेगळी काढता येईल बहुतेक."

"आणि उरलेलीचं काय करणार?" बाबांनी विचारलं.

दादानं फिल्म बाबांच्या हातात परत दिली. मुलीनं पुन्हा वाकून पाहिलं. हसू नीट बघायला गेलं की मिटलेले ओठ आड येत होते. ते टाळावे तर हसूही निसटत होतं. तिला हवी होती ती आई इथेच होती, आणि तरीही थोडी पलीकडे.

"अशीच असायची," ती हळूच म्हणाली. "रागावताना."

"हो," बाबा म्हणाले. "आधी हसायची, मग आठवायचं तिला की आपण रागावलोय."

त्यांनी फिल्म पाण्याखाली धुतली आणि तारेवर चिमट्यानं टांगली.

"सकाळी किती वाजता येतायत रे माणसं?"

"सांगतो त्यांना उशिरा यायला," दादा म्हणाला. "वाळू दे आधी."

तिघेही उभे राहिले. थेंब मोरीत पडत होते. मग बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच हातात धरून ठेवला.