उकिरड्याची बदली

मी उकिरडा बोलतोय. नाकाला पदर लावायचा असेल तर लावा, मला सवय आहे.

माझा जन्म चेन्नईतल्या वेलचेरीतला. माझ्या मालकीण सकवारबाई; त्यांचे सासरे तंजावरहून इथे आले आणि गोठ्यामागच्या उंचवट्यावर त्यांनी मला खणलं. तेव्हा भोवती पाणथळ होतं, आता इमारती आहेत. कुणाकडे दूध उतू गेलं, कुणाच्या अबोल्याचा कितवा दिवस, मला सगळं कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही. मला उठून जाता येत नाही, इतकंच.

गोठ्यात गाई तीन. शेजारी निळ्या पिंपांत मुरघास, म्हणजे दाबून आंबवलेला हिरवा चारा. त्याचा आंबट रस झिरपत माझ्याकडे यायचा. आमचं बरं जमायचं.

काही वर्षांपूर्वी जनावरांच्या दवाखान्यातून एक कागद आला : शेण खोलगट जागी साठवावं. "तिथे पाणी भरतं," सकवारबाई म्हणाल्या. पण कागदावर शिक्का होता. त्यांनी त्याला हळदकुंकू लावून गोठ्यात टांगलं आणि मला खाली विहिरीजवळ हलवलं.

गेल्या पुरात मी पहिल्यांदाच घराबाहेर पडलो. शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन आलो. तिथे राहणाऱ्या हेमलताबाईंच्या स्कूटरवर दोन दिवस मुक्कामही केला.

त्यांनी तक्रार केली. मग सुधारलेला कागद आला : शेण उंचावर, विहिरीपासून लांब, खाली सिमेंट, वर छप्पर, मुरघासाचा रस वेगळा. महिन्याभरात झालं नाही तर गाई हलवा.

"मागचा कागदही तुम्हीच दिलेला," सकवारबाई दवाखान्याच्या साहेबांना म्हणाल्या.

"तो जुना झाला, अम्मा."

"जुनी तर मीही झाले."

उंच जागा एकच, माझी जन्मभूमी. पण आता तिला इमारतीची भिंत लागून होती. छप्पर त्या भिंतीवर टेकवायला इमारतीच्या सेक्रेटरीची सही हवी, आणि सेक्रेटरी हेमलताबाई. त्या दोनदा नाही म्हणाल्या. जवळच्या कोवलमकडचा एक गुरांचा व्यापारी येऊन गाईंचे दात बघून गेला. त्या दिवशी सकवारबाई जेवल्या नाहीत.

एवढ्यात डिसेंबरच्या मध्यावर तमिळ मार्गळी महिना लागला. या महिन्यात इथे दारातल्या रांगोळीत शेणाचा गोळा ठेवून त्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोवतात. पहिल्याच सकाळी हेमलताबाई वाटी घेऊन हजर.

"अक्का, थोडं ताजं मिळेल?"

सकवारबाईंनी वाटी भरली. "घ्या. पुढच्या वर्षी पाकिटातलं आणा. त्याला वास नसतो म्हणे."

हेमलताबाईंनी वाटीतलं शेण बोटाने दाबून पाहिलं. "पाकिटातलं भुसभुशीत असतं. फूल उभं राहत नाही."

"नाही राहत."

"आणा तो सहीचा कागद. छप्पर मात्र माझ्या खिडकीच्या खाली ठेवा."

आता मी पुन्हा उंचावर आहे, छपराखाली, सिमेंटवर. रसाला वेगळी नाली मिळाली. त्याची आठवण येते. गाई तीनच आहेत. नव्या कागदालाही हळदकुंकू लागलंय.

पुढचा कागद काढाल तेव्हा एवढं करा, पाणी कुठे भरतं ते आधी सकवारबाईंना विचारा. सासऱ्यांना कुणी कागद दिला नव्हता, तरी त्यांनी मला इथेच खणलं होतं.

आणि मार्गळीत याल तेव्हा वाटी घेऊन या. पदर नाकाला असला तरी चालेल.