बुजलेली घडी

"बाई, अहवालात एकच ओळ लिहायची. खड्ड्यात आदळून चाक तुटलं. विषय संपला," मॅनेजर म्हणाले.

टेबलावर मोटरसायकलच्या मॅग्नेशियमच्या चाकाचे दोन तुकडे पडले होते. ती चालवणारा शाळामास्तर गेल्या आठवड्यात अपघातात गेला होता. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चाकावर तपासनीस बाईंचा शिक्का असे. कामगार त्यांना घार म्हणत आणि बाईंना ते मनापासून आवडे. कौतुक फार आवडायला लागलं की माणसाला जरा कमीच दिसतं.

बाईंनी भिंग लावलं. तुटलेल्या जागी बारीक कमानी उमटल्या होत्या, एकीबाहेर एक. चाक एका धक्क्यात तुटलं नव्हतं. कित्येक महिने रोज थोडं थोडं तुटत आलं होतं. सगळ्या कमानी एका काळसर रेघेपासून निघाल्या होत्या. प्रेसखाली तापलेला धातू स्वतःवरच दुमडला की अशी रेघ पडते. कामगार तिला घडी म्हणतात. कपड्याची घडी उलगडते, ही आतल्या आत फाटत जाते.

घडी दिसली की ती घासून काढायची. पण घासताना वरचा मऊ धातू पसरतो आणि फटीचं तोंड बुजतं. म्हणून चाक आधी आम्लात बुडवून तो थर काढायचा, मग लाल रंग लावून पुसायचा. फट उरली असेल तर ती लाल रेघ होऊन दिसते. या लॉटला बाईंनी आम्लच दिलं नव्हतं. टाकी रिकामी होती, ट्रक दारात उभा होता आणि चाकं घासली होती त्यांच्या नवऱ्याने. त्या हाताची कसली परीक्षा घ्यायची!

"साहेब, या लॉटची आणखी चाळीस चाकं रस्त्यावर आहेत."

"म्हणूनच म्हणतो, झाकली मूठ राहू द्या. तुमची दोघांची चूल इथंच पेटते. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

बाई ग्राइंडिंगच्या खोलीत गेल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मशीन बंद केलं, मास्क खाली ओढला.

"अगं, मी बोट फिरवून बघितलं होतं. कुठं काही लागलं नाही."

"इतकं गुळगुळीत केलंत हो, म्हणून तर दिसलं नाही."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे मी मारलं त्याला?"

"तुम्ही घासलंत. पास मी केलं."

"आता गं?"

"खरं लिहिलं तर दोघांची नोकरी जाईल. वर कोर्टकचेरी."

"आणि नाही लिहिलं तर?"

"चाळीस चाकं रस्त्यावर आहेत."

"लिही," तो म्हणाला. "माझंही नाव घाल. एकटीच्या अंगावर घेऊन मोठेपणा करू नकोस."

नवरा-बायको जन्मभर 'चूक तुझी' म्हणून भांडतात. ही दोघं त्या दिवशी 'माझी' म्हणून भांडली, आणि बाईंना नवऱ्याचा फार अभिमान वाटला. लाजही तेवढीच वाटली.

बाईंनी पाच ओळी लिहिल्या, दोन्ही नावं घातली. मॅनेजरांनी शिक्का काढून घेतला. चाकं परत मागवायचं वरून ठरलं, तेव्हा गाडीमालकांना करायचे फोन मात्र त्यांनी बाईंच्याच गळ्यात मारले.

अकरावा फोन एका बाईने उचलला.

"तुमच्या मोटरसायकलच्या चाकाबद्दल बोलायचंय. गाडी चालवू नका."

"कसली गाडी आता? चार महिने झाले. आमचे हे वळणावर पडले नि जागीच गेले."

तपासनीस बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पडले कसे?"

"वेग! सगळे तेच म्हणाले. मीही रोज त्यांच्या फोटोपुढं तेच बोलते. लेकरांचा तरी विचार करायचा होता."

"ताई, चाक तुटलं होतं का?"

"पुढचं. दोन तुकडे."

"मग त्यांचा दोष नसावा. चाकातच खोट होती. ते मी पास केलं होतं."

शिव्या येतील म्हणून बाई थांबल्या. आल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई आत आहेत. त्यांच्या लेकाला बोल लावते म्हणून चार महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांना देते. हे पुन्हा सांगा."

फोनमध्ये फरशीवर टेकणारी काठी हळूहळू जवळ आली. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.