हात पोचेल तिथे

गाडीत वायरलेसचा सेट बसवायचा म्हणजे दोन स्क्रू पिळले की झालं, असं म्हणणारा माणूस आमच्या गॅरेजात आला की माझं डोकं फिरतं. सेट म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? गाडी उभी असते तोवर सगळंच नीट बसलेलं असतं. करकचून ब्रेक लागला की कळतं, कोण किती पक्कं बसलंय ते.

आमच्यात कामाची वाटणी लग्नापासूनची. तारा यांच्या, बोल्ट माझे. हे सीटखाली डोकं घालून गुणगुणत तारा ओढतात आणि मी ड्रिल घेऊन जागा शोधते. मागे नुसता पत्रा नको, जाड पट्टी हवी; एअरबॅग उघडली तर आड यायला नको; कुणाचा गुडघा आपटायला नको. पोलिसांच्या गाड्या येतात, आगीचे बंब येतात, रुग्णवाहिका येतात. सगळ्यात शेवटी ठरते माईकची जागा, आणि ती ड्रायव्हरला सीटवर बसवल्याशिवाय ठरत नाही. पट्टा लावायचा, नजर समोर ठेवायची आणि हात टाकायचा. न बघता, न वाकता माईक हातात यायला हवा. नाही आला तर जागा चुकली. हा नियम मी भल्याभल्या साहेबांनाही मोडू दिलेला नाही.

म्हणून लेकीचा फोन आला, की त्यांच्या हॉस्पिटलची रुग्णवाहिका नवा सेट बसवायला आमच्याकडे पाठवतायत आणि दुसरा ड्रायव्हर ती घेऊन येईल, तेव्हा मी साफ सांगितलं, "चालायचं नाही. गाडी तू चालवतेस ना? मग तूच ये."

"अगं, तो साधारण माझ्याच उंचीचा आहे."

"साधारण माझ्याकडे चालत नाही."

नियम खराच होता. पण खोटं कशाला बोलू, नियम नसता तर मी तो तिथल्या तिथे केला असता. डोंगरातल्या त्या नोकरीवर गेल्यापासून पोरगी घरी फिरकली नव्हती. आधी रस्ता बंद, मग सुट्टी नाही, मग आणखी काही. फोन करायची, नाही असं नाही. जेवलीस का, बाबा कसे आहेत, चल ठेवते. एवढ्याने कुणाचं पोट भरतं? मला ती डोळ्यांसमोर हवी होती. रस्त्याने तिच्यासारखी वेणी घातलेली कुणी पाठमोरी चालली की माझ्या हातातला पाना हातातच राहायचा. यांचं बरं असतं, हे गुणगुणून घेतात.

ती आली. फाटकातून गाडी अशी अलगद आत घेतली की मला मनातल्या मनात शाबासकी द्यावीशी वाटली. उतरली तर केस मानेपर्यंत कापलेले.

"वेणी कुठे गेली गं?"

"कोण रोज घालत बसणार? असं सोपं पडतं."

"खारूताई, झकास दिसतेयस," हे म्हणाले. लहानपणी ती डॅशबोर्डखाली शिरून पडलेले नट वेचायची, तेव्हापासून यांनी ठेवलेलं नाव. मी तिला घट्ट मिठी मारली. तिने एकाच हाताने मला धरलं, पण मी काही तिथे हात मोजत बसले नव्हते.

गाडीत डोकावले आणि माझा पारा चढला. दोन सीटांच्या मधे, पाठीमागच्या उभ्या फळीवर, जुन्या सेटच्या जागी नुसता चिकटपट्टीचा काळा थर. चार बोल्टची जागा, आणि एक भोक पाडलेलं असेल तर शपथ.

"हे कुणा शहाण्याने केलं?"

"हॉस्पिटलमधल्याच कुणीतरी. घाईत होते सगळे."

"घाईत चिकटपट्टी! आणि सेट कुठे गेला?"

"पडला एकदा ब्रेक मारल्यावर. बंदच झाला, म्हणून तर नवा घेतला."

मी त्या न पाहिलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती हसली आणि हसता हसता तिला जांभई आली. पहाटे निघाली होती. म्हटलं, वर जाऊन पड, गरज लागली की हाक मारते.

सेट मी सीटांच्या मधे, पुढे, खालच्या अंगाला घेतला. गाडीच्या सांगाड्याला आरपार चार बोल्ट, मागून रुंद वॉशर, वर न सुटणारे नट. दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, तर सगळी गाडी डुलली, सेट जागचा हलला नाही. आता राहिला माईक. तिला उठवायला वर गेले. तोंड उघडं टाकून ती झोपली होती, शाळेतून आल्यावर झोपायची तशीच. मला हाक मारवेना. आणि म्हटलं, पोटच्या पोरीचा हात मला मोजायला हवा का? याच गॅरेजात ती गाडी शिकली. तिचा हात कुठवर जातो ते मला झोपेतही सांगता येईल. खाली आले आणि डॅशबोर्डच्या वरच्या कडेला भोकं पाडून माईक अडकवायची क्लिप ठोकून टाकली.

चहा झाल्यावर तिला सीटवर बसवलं. हे मागे तारा बांधत होते.

"पट्टा लाव. समोर बघ. टाक हात."

तिचा डावा हात निघाला आणि अर्ध्यातच थांबला. माईक वीतभर वर राहिला.

"झोप उतरली नाही वाटतं. वर, अजून वर."

तिने खांदा वाकडा केला, कंबरेतून पुढे झाली आणि माईक ओढला. "आला की."

"वाकलीस. आणि बघितलंसही."

तिने माईक परत अडकवला, उजव्या हाताने.

"हात वर कर."

"आई..."

"कर म्हणते ना."

हात छातीच्या वर जाईना. वेणी का गेली ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मागची वस्तू ब्रेक लागल्यावर पुढे कुणाच्या अंगावर येते, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला समजावते. त्या दिवशी ते माझ्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण लेक घरी आली होती आणि मी तिचं तोंड बघत होते.

"सेट तुझ्यावर पडला."

"वळणावर गाय आडवी आली," ती समोरच बघत म्हणाली. "मागे पेशंट नव्हता, नशीब. खांद्याचं हाड मोडलं होतं, आता जुळलंय. डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलंय. फक्त हात वर जाणार नाही म्हणाले. कधीच."

यांचं गुणगुणणं थांबलं होतं.

"आणि आम्हाला कळवायचं नाही?"

"प्लास्टर घालून आले असते तर परत जाऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं.

हॉस्पिटलने मला सांगून ठेवलं होतं, काम झालं की ड्रायव्हरला माईक जमतो का ते कळवा. फोन माझ्या खिशातच होता. हिला जमत नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी गाडी दुसऱ्याच्या हातात दिली असती आणि माझी लेक वरच्या खोलीत झोपली असती, उद्याही, परवाही. ते खोटंही नव्हतं, माझ्याच नियमाने ती नापास झाली होती. मी फोन बाहेर काढला.

"राहा ना गं इथेच," मी म्हटलं. "घर खायला उठतं. इथल्या गाड्या चालव, नाहीतर नुसती बसून राहा. मला तू हवी आहेस."

तिने माझा हात धरला, त्याच अडलेल्या हाताने. "मलाही तुमची आठवण येते आई. तिकडे संध्याकाळी गाडी धुताना तर फार येते. पण ती गाडी मला आवडते. खालच्या गावातून बाळंतीण आणताना मी माईकवर सांगते, येतोय आम्ही, तयार राहा, तेव्हा..." तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "कर फोन. पण खरं सांग. मी चुकले, की जागा चुकली?"

असल्या वेळी पोरगी आपल्याच तालमीत वाढली याचा राग येतो. मी फोन खिशात टाकला.

"डोळे मिट. हात सैल सोड. सुखाने पडेल तिथे पडू दे."

हात मांडीजवळ, गिअरच्या बाजूला येऊन विसावला. मी बोटांभोवती खडूने रेघ मारली. बोटं अगदी माझ्यासारखी, नखांत ऑइल. त्या जागी आत नुसतं प्लास्टिक होतं, म्हणून खालून पोलादी पट्टी घडवली, सांगाड्याला बांधली आणि क्लिप तिच्यावर घेतली. बराच वेळ गेला, मी जाऊ दिला. वरची फुकट गेलेली भोकं रबरी बुचांनी बंद केली. मग पुन्हा पट्टा, नजर समोर. तिने हात टाकला आणि माईक असा हातात आला की जणू तिथेच होता. आणखी एकदा. आणखी एकदा. मी हॉस्पिटलला फोन लावला आणि सांगितलं, जमतो.

ती ऊन कलायच्या आत निघाली, डोंगरातला रस्ता उजेडी गाठायचा होता. यांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला, मी खिडकीतून गालावर. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं फाटकात उभे होतो.

"तूही ना," हे नाक पुसत म्हणाले, "एखादा बोल्ट जरा ढिला सोडायचास. दुरुस्तीला म्हणून तरी आली असती."

एरवी असलं काही कुणी बोललं असतं तर मी त्याला गॅरेजाबाहेर काढलं असतं.

"आलं होतं मनात," मी म्हटलं.